सर्व्हर रूममधला काकाजींचा सत्कार

फजिती माझी झाली, हे मान्य. पण चूक माझी होती, हे मी आजही मानत नाही! चहा ओता, सांगते सगळं. मधेच खिदळलात तर मात्र कप हातातून काढून घेईन.

मी मीनल, नागपुरातल्या एका सहकारी बँकेत कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. बँकेचं नाव नाही सांगणार, त्यांनी मला अजून कामावरून काढलेलं नाही. आमचं मुख्य ऑफिस धरमपेठेत, आणि तिथल्या सर्व्हर रूममध्ये मशीनांची नुसती जत्रा! कर्जाचं मशीन वेगळं, ठेवींचं वेगळं, एटीएमचं वेगळं. नवीन शाखा काढली की नवीन मशीन. मशीन आलं की ते तापणार, म्हणून नवीन एसी. मे महिन्यात आमचे ग्राहक कुलरच्या कोमट वाऱ्यात घाम पुसत उभे, आणि मशीनं आत गारेगार! विजेचं बिल आलं की मॅनेजरसाहेब ते उलटं धरून पाहायचे, तसं तरी कमी दिसेल म्हणून.

मी म्हटलं, बस झालं आता! दोन-तीन दणकट मशीनं घेऊ, सगळी कामं त्यांच्यावर टाकू. तशीच मशीनं दुसऱ्या इमारतीतही ठेवू. इथं काही बिनसलं की काम तिकडे हलवायचं. मग सावनेरला शाखा काढा, नरखेडला काढा, दरवेळी मशीनं विकत घ्यायची भानगडच नाही.

संचालक मंडळाचं उत्तर काय आलं असेल? "चालून राह्यलं ना? मग काहून हात लावता?"

वर्षभर हेच ऐकलं. मीही हट्टी. भांडून भांडून मुख्य ऑफिसपुरती परवानगी घेतलीच, आणि दोन्ही इमारतींत मशीनं बसवली. पण शाखांचं काय ते आमचे अध्यक्ष स्वतः पाहून ठरवणार होते. ते हो म्हणाले तर माझी योजना सगळीकडे. नाही म्हणाले तर फाईल बंद, आणि मी गप्प बसायचं. मी आणि गप्प! कल्पना तरी करा.

अध्यक्षांना सगळी बँक काकाजी म्हणते. नरखेडकडचे संत्र्याचे बागायतदार. पांढरा पातळ सदरा, मिश्किल डोळे, आणि कोणत्याही गोष्टीवर पटकन विश्वास न ठेवणारा स्वभाव. ते आले भर मे महिन्यात, भर दुपारी. पाहुणा आला म्हणजे सत्कार आलाच. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळून राहिलंय, आणि आमचा भोयर ताटात नारळ आणि लोकरीची शाल घेऊन उभा!

हा भोयर माझा सहाय्यक. ताट आत टेबलावर ठेवून तो फोटोवाल्याला बोलवायला बाहेर गेला. आत उरलो काकाजी आणि मी.

मी नवीन मशीनं दाखवली. काकाजी मागे हात बांधून ऐकत होते. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं एक जुनं मशीन एकटंच घरघरत होतं.

"हे काय करते वं?"

"कोणालाच माहीत नाही, काकाजी."

"अन् मग चालून काहून राह्यलं?"

मला हेच तर हवं होतं! मी त्यांना आमच्या धंद्यातली रीत सांगितली. मशीन कशाचं ते कळत नसलं की सरळ बंद करायचं आणि कान टवकारून बसायचं. ज्या विभागातून बोंब येईल, त्यांचं ते मशीन. बोंब आली नाही तर भंगारात.

"मॅडम, राहू द्या," काकाजी म्हणाले. "माह्या बगीच्यात असाच एक वॉल्व होता..."

मी वॉल्व ऐकून घेतलाच नाही. ऐटीत पुढे गेले आणि बटण दाबलं. घरघर थांबली. आम्ही कान टवकारले. शांतता! इंटरकॉमवर विचारलं, तर काउंटर चालू, एटीएम चालू, शाखा चालू.

"पाहिलंत?" मी म्हटलं. "अशी फुकट वीज खाणारी खोंडं पोसतोय आपण!"

काकाजींनी मान डोलावली. जिंकले हो मी! "चला, बाहेर चहा घेऊ," असं म्हणत मी रुबाबात दाराच्या यंत्रावर अंगठा टेकवला.

दार उघडलं नाही.

अंगठा पुसला. पुन्हा टेकवला. डावा लावला, उजवा लावला. काकाजींचाही लावून पाहिला, वेडी आशा! आणि मग माझ्या लक्षात आलं. अंगठे ओळखण्याचं काम त्या कोपऱ्यातल्या मशीनचं होतं!

बाहेर पडायला साधं बटण का नाही, असं विचारताय? कारण आत जातानाही अंगठा आणि बाहेर येतानाही अंगठा, असा आग्रह धरणारी बाई मीच. सुरक्षा म्हणजे सुरक्षा!

मशीन परत चालू करायला गेले. वर्षानुवर्षं न थांबलेलं ते, एकदा निजल्यावर कशाला उठतंय? टक टक टक केलं आणि ढिम्म.

दाराला काचेची खिडकी होती. तिच्यापलीकडे भोयर आणि फोटोवाला. फोटोवाल्यानं आमचा तसाच एक फोटो काढला. मी इंटरकॉम उचलला.

"भोयर, दार उघड!"

"अंगठा लावा ना मॅडम."

"अरे, मघापासून तेच करून राहिले!"

"मग दुसऱ्या बोटानं पाहा."

एसीनं आपलं काम चोख चालवलं होतं. काकाजींचे दात वाजू लागले. मी काय केलं असेल? ताटातली शाल उचलली आणि त्यांच्या अंगावर घातली. नागपुरात मे महिन्यात दिलेली सत्काराची शाल कोणाच्या कामी आली असेल, तर ती हीच!

"कुलूप तोडत काहून नाही?" काकाजींनी शालीतून विचारलं.

"ते लोहचुंबकाचं आहे. वीज गेली तरच सुटतं. आणि त्याची वीज नवीन मशीनांच्याच बॅटरीवर. ती बंद केली तर सगळी बँक ठप्प!"

"मग बसू."

बसलो. मला वाटलं, काकाजी किती समजूतदार! तेवढ्यात ते जरा वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, मले शुगर हाये. थंडीत मले... जाचं लागते."

"कुठं?"

"आता कुठं म्हणून काय विचारता!"

बाप्पा! एकीकडे सगळी बँक, दुसरीकडे अध्यक्षांची अब्रू.

"बँक बंद करता का मग?" त्यांनी कळवळून विचारलं.

मी पदर खोचला. "बँक नाही बंद होणार, काकाजी. बँक हलवते!"

कीबोर्ड ओढला आणि सगळी कामं एकेक करून दुसऱ्या इमारतीतल्या मशीनांवर पाठवू लागले. काकाजी माझ्या मागे उभे, शालीत गुंडाळलेले, कधी या पायावर तर कधी त्या पायावर. "झालं का वं? झालं का?" शेवटचं काम पलीकडे गेलं. इंटरकॉमवर ओरडले, "भोयर, बाहेर कोणी बोंबलून राहिलं का?"

"नाही मॅडम. सगळे तुम्हालेच पाहून राह्यले."

बॅटरी बंद केली. अंधार. खट्! दार सुटलं, आणि काकाजी शालीसकट असे पळाले की फोटोवाल्याला कॅमेरा उचलायलाही सवड मिळाली नाही.

परत आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान. सगळ्यांसमोर म्हणाले, "इथं सारं बंद होतं, तरी बँक चालून राह्यली होती. मंजूर! साऱ्या शाखाइले लावा. मशीनवर माहा भरोसा बसला."

माझे डोळे भरून आले, खरंच सांगते. मग त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "मॅडमवर नाही बसला. या आत असल्या का दाराले एक वीट लावत जा."

मी किती भांडले! सुरक्षेचं दार आणि त्याला वीट? पण योजना आणि वीट एकाच ठरावात मंजूर झाली. वीट नको तर योजनाही नको! घेतली वीट.

आता वीज वाचते, शाखा वाढतात, नवीन मशीन विकत आणावं लागत नाही. सगळं मी केलं, एकटीनं भांडून केलं! आणि माझं नाव कोणत्या वस्तूला दिलंय, माहितीये? परवा नव्यानं लागलेली मुलगी भोयरला विचारत होती, "मीनल मॅडम कुठे आहेत?"

भोयरनं मान वर न करता सांगितलं, "दाराशी असतील. पायानं सरकव."