उन्हाशी सोयरीक

सूर्याशी उघड वैर मांडून उभा जन्म सुखात काढलेलं माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि ते आमच्या पलूसच्या घरात राहतं. ती माझी आत्या. आमच्या बाजूला आत्येला आत्ती म्हणतात, म्हणून ती माझी आत्ती, आणि तिच्या दराऱ्यामुळं निम्म्या गल्लीचीही आत्तीच. उन्हाळ्यात तिच्या डोक्यावर छत्री असायची यात नवल नाही, पण ती हिवाळ्यातही असायची आणि आभाळ भरून आलेलं असलं तरी असायची. "ढगाआडनं बी बघतंय त्ये," असं तिचं म्हणणं. सूर्याला ती कायम 'त्ये' म्हणायची, नावडत्या जावेविषयी बोलावं तसं. रस्त्याच्या कुठल्या अंगाला किती वाजता सावली पडते याची तिला जी खडान्खडा माहिती होती, ती पंचांग काढणाऱ्यालाही नसेल. बसमध्ये चढताना पायरीवरच उभी राहून ती कंडक्टरला विचारायची, "मिरजंला जाताना ऊन कंच्या अंगाला?" मागं माणसं खोळंबलेली असायची, पण उत्तर मिळाल्याशिवाय आत्ती दुसरी पायरी चढत नसे. एकदा उत्तर चुकलं. तेव्हा तिनं पलीकडच्या बाकावरच्या नवराबायकोला उठवून माझ्यासाठी जागा बदलून घेतली आणि त्यांची समजूत घातली, "तुमाला काय हुतंय? तुमचं लगीन झालंय."

या वैराचं मूळ होतं आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. द्राक्षाचे घड जाळ्यांवर पसरायचे, चहूबाजूंनी हिरवी जाळी सोडायची, वारा आत खेळवायचा, पण ऊन थेट लागू द्यायचं नाही, की बेदाणा हिरवा-पिवळा, बघत राहावा असा होतो. ऊन लागलं की काळा पडला. त्या शेडची सगळी देखरेख तीस वर्षं आत्तीकडं होती, आणि जाळी फाटून कुठं रुपयाएवढा कवडसा आत आला तरी तो तिला बाहेरून वासानं कळायचा, असं शेडवरच्या बायका म्हणायच्या. "द्राक्षाची कातडी आन् पोरीची कातडी, दोन्ही सारखीच," हे तिचं तत्त्वज्ञान. वडील फौजेत, आई त्यांच्याबरोबर आज या छावणीत तर उद्या त्या छावणीत, म्हणून माझी शाळा मोडू नये यासाठी मला पाचव्या वर्षी आत्तीकडं ठेवलं होतं. तिनं मला पहिल्या प्रतीचा बेदाणा म्हणूनच वाढवलं. मनगटापर्यंत बाह्यांचे फ्रॉक, डोक्याला रुमाल, रविवारी साय आणि हळद. कवायतीच्या तासाला मला सूट मिळावी म्हणून ती स्वतः शाळेत गेली आणि गुरुजींना म्हणाली, "आवं गुर्जी, हिला उनाचं वावडं हाय." गुरुजींनी विचारलं, उन्हात गेल्यावर हिला काय होतं? आत्ती म्हणाली, "काळी हुती." एवढं सगळं करून मी सावळी ती सावळीच राहिले. पण आत्ती हरणाऱ्यातली नाही. "राखली म्हनून हितवर थांबलं," ती म्हणायची, "न्हाईतर काय झालं असतं, इचार कर!"

मी मोठी झाले, कडेगावच्या एका शाळेत गणित शिकवू लागले, लग्न या विषयाला आत्तीनं आणि मी दोघींनी मिळून कंटाळून रजा दिली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी माझा उजवा डोळा हलवला की दुखायला लागला, आणि फळ्यावरचा लाल खडू मला दहा वेळा धुतलेल्या लुगड्यासारखा विटका दिसू लागला. तो डोळा सुधारतोय तोवर डाव्या पायाला गुडघ्याखाली मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. एके दिवशी मी आठवीच्या वर्गात शिरले तर पोरं खुसूखुसू हसायला लागली. खाली बघितलं तर माझ्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी व्हरांड्यात कधी निसटली ते पायाला कळलंच नव्हतं. मीही पोरांबरोबर हसले, आणि तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत जाऊन रडले.

मिरजेच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं आणि नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. आत्तीला समजावं म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं, की आपल्या शरीराचे राखणदारच वाट चुकतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडायला लागतात. "म्हंजे कुंपनच श्यात खातंय," आत्ती म्हणाली. डॉक्टर चकित होऊन "अगदी बरोबर" म्हणाले. तिथवर ठीक होतं. पण मग त्यांनी रक्ताचा कागद उचलला. "ड जीवनसत्त्व फारच कमी आहे हो. ते उन्हानं अंगात तयार होतं. लहानपणी उन्हात खेळायचा का तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत आत्ती म्हणाली, "न्हाई." आणि मग इतक्या हळू आवाजात, की तो आवाज तिचा आहे हे मला आधी कळलंच नाही, तिनं विचारलं, "त्यानं झालं का हे? मी सावलीत ठिवली म्हनून?"

डॉक्टर गडबडले. म्हणाले, "तसं नाही म्हणता येणार, मावशी. जिथं ऊन कमी तिथं हा आजार जास्त दिसतो, आणि हे जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांना धोका थोडा जास्त असावा, असं दिसतं. म्हणजे संबंध आहे. पण तेवढ्यानंच हा आजार होतो असं नाही. घराण्यातनं काही येतं, एखाद्या जुन्या तापाचं निमित्त असतं, बऱ्याच गोष्टी एकत्र येतात. सावलीत वाढलेल्या लाखो मुलींना काही होत नाही."

"व्हय म्हना, न्हाईतर न्हाई म्हना," आत्तीचा आवाज परत आला. "संबंध हाय म्हंजे काय?"

"म्हणजे... दोन्ही एकत्र दिसतात. पण एकामुळं दुसरं झालं, असं ठामपणे नाही सांगता येत."

आत्तीनं क्षणभर विचार केला. "म्हंजे बघाबघी झालीया, पर सुपारी फुटल्याली न्हाई."

डॉक्टर हसता हसता खुर्चीत मागं रेलले. हे आपल्या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना सांगू का, असं त्यांनी तिला विचारलं. आत्ती हसली नाही. तिनं छत्री उचलली, बाहेर आली, दवाखान्याच्या फाटकात थांबली, आणि भर दुपारी बाराच्या उन्हात ती छत्री न उघडताच चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून पलूसमधल्या कुणालाही सावलीत सुखानं उभं राहता येईना. तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवरून कॉलेजला निघालेल्या पोरींना ती चौकात हात करून थांबवायची आणि स्वतःच्या हातानं गाठी सोडायची. "दरोडा घालायला चाललीस का गं? त्वांड उघड!" यातल्या निम्म्या पोरींना साय-हळदीचा लेप तिनंच शिकवलेला होता, त्यामुळं त्या पार गोंधळून गेल्या. गल्लीतल्या बाळंतिणींना ती बाळासकट अंगणात काढायची. आणि मला गच्चीवर.

इथं एक अडचण निघाली. या आजारात अंग तापलं की पाय लटपटतात, डोळ्यांपुढं धुरकट होतं, थंडावा मिळाला की पुन्हा ठीक. म्हणजे मला ऊन हवं होतं आणि ऊब नको होती. असा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना घातला असता तर त्यांनी तो सोडून दिला असता. आत्तीनं सोडवला. गच्चीवर खुर्ची, माझे पाय गार पाण्याच्या घमेल्यात, डोक्यावर ओला टॉवेल, खालून वायर ओढून आणलेला टेबलफॅन समोर घरघरतोय, आणि आत्ती मागं उभी राहून छत्री अशा कोनात धरतेय की माझं डोकं सावलीत आणि हात उन्हात. शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या काकूंनी विचारलं, "काय चाललंय वो आत्ती?" आत्ती म्हणाली, "पोरगी वाळत घातलीया."

डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी अशी ड जीवनसत्त्वाची भुकटी दिली होती. ती रोज का द्यायची नाही यावरून आत्तीनं त्यांच्याशी फोनवर भांडण काढलं. "मावशी, युरियाचं पोतं एकदम ओतलं तर ऊस वाढतो का जळतो?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुठं ती गप्प बसली. खरं औषध वेगळं आहे, ही भुकटी फक्त कमतरता भरून काढते, हेही त्यांनी तिला तीन वेळा सांगितलं. तिनं तिन्ही वेळा "व्हय" म्हटलं आणि तिन्ही वेळा ते मानलं नाही.

मला वाटायचं, आत्तीला नवीन खूळ मिळालं, बरं झालं. पण त्या हंगामात ती शेडवर गेलीच नाही. आणि एप्रिलात एका दुपारी ती घरात कुठं दिसेना, म्हणून मी कठड्याला धरून जिना चढून वर गेले, तर गच्चीच्या तापलेल्या फरशीवर ती एकटीच बसली होती. डोक्यावर पदरही नव्हता. चेहरा लालबुंद होऊन घामानं निथळत होता.

"आत्ती, काय करतीस?"

"बसलीया."

"अगं चक्कर येऊन पडशील! कशाला बसलीस?"

"तुला कोंडून घातली तवा तुला इचारलं न्हवतं," ती म्हणाली. "आता मला बी कुनी इचारू नगा."

तिला उठवायची ताकद माझ्या पायांत नव्हती. मग मी तिच्याशेजारी बसले आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं बोलले. "आत्ती, एक सांगू? मारणार नाहीस ना? तू दुपारी शेडवर गेलीस की मी मागच्या दारानं पळायचे. रोज. ओढ्याच्या वाळूत लंगडी खेळायचे, आणि तू यायच्या आत तोंड धुऊन अंथरुणावर पडायचे."

आत्ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या पाठीत असा रट्टा घातला की मुंग्यासुद्धा दोन मिनिटं पळाल्या. "भवाने! आन् मी गावभर सांगितलं हिला उनाचं वावडं हाय म्हनून!" ती उठली, मला हाताला धरून खाली आणलं, माठातलं दोन तांबे पाणी प्यायली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.

वास्तविक मी एकदाही गेले नव्हते. मी फार आज्ञाधारक मुलगी होते. दुपारभर खिडकीच्या गजांना नाक लावून मी ओढ्याकडं जाणाऱ्या पोरी मोजायचे, आणि त्या परत आल्या की कोण जिंकलं ते त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखायचे.

आता आत्ती जो भेटेल त्याला सांगते की आमची पोर लहानपणी लय द्वाड, दिवसभर उन्हात हिंडायची. मिरजेच्या डॉक्टरांनाही तिनं हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं, आणि त्यांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. मध्ये एकदा माझे दोन्ही पाय महिनाभर रुसले होते, औषधानं पुन्हा वळणावर आले. आता हातात काठी असते, शाळा चालू आहे.

परवा आम्ही दोघी ओसरीवर मिरच्यांची देठं काढत बसलो होतो. मान वर न करता आत्ती म्हणाली, "त्या साली वढ्याला पानी आलंवतं बघ, तवा तू फ्रॉक वला करून आलीवतीस. मी वळखलंवतं. पर बोलले न्हाई."

असं काही कधीच झालं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती देठं काढत होती.

"व्हय आत्ती," मी म्हटलं. "निळा फ्रॉक."

"निळाच," ती म्हणाली. मग त्या ओल्या फ्रॉकविषयी, त्या दिवशीच्या पाण्याविषयी आणि लंगडीत कोण जिंकलं त्याविषयी आम्ही मिरच्या संपेपर्यंत बोलत बसलो.