मुऱ्यांचं शिळं पाणी

आमच्या ओढ्याचं खोलीकरण होणार हे कळलं तेव्हा गावात पेढे वाटले गेले. मी मात्र बादली आणि जुनी ओढणी घेऊन ओढ्यात उतरले आणि जेसीबी यायच्या आत जमतील तेवढ्या मुऱ्या धरल्या. मुरी म्हणजे बोटाएवढा मासा. अंगावर मातकट पट्टे, तोंडाशी बारीक मिश्या; वाहत्या पाण्यात दगडाला पोट लावून राहतो. दगडच गेले की तो संपला. दुसऱ्या दिवशी यंत्रानं तळ खरवडून काठावर टाकला आणि लोकांनी त्या ढिगावर चढून फोटो काढले.

मी कळंबला शाळेत शिकवते. आई गेल्यापासून वडील, आमचे आप्पा, माझ्याकडेच असतात. हॉलमध्ये लांबट, उथळ काचेची टाकी ठेवली, खाली ओढ्यातलेच गोटे, आणि एका टोकाला पंप लावून पाणी पळतं ठेवलं. लाईट गेली तरी पंप बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर घेतला, तेव्हा आप्पा म्हणाले, "माणसाला पंखा न्हाय अन् माशाला इन्व्हर्टर! लई शाणी झालीस." पण पुढं तेच खुर्ची ओढून टाकीसमोर बसायला लागले. आईनंतर ते कुणाशी धड बोलत नव्हते. मुऱ्यांशी बोलायचे. ओढ्याच्या वरच्या अंगाला यंत्र पोचलं नव्हतं, पण तिथं थेंबभर पाणी नव्हतं. पाऊस पडून ओढा वाहिला की मुऱ्या तिथं सोडायच्या, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. नळ आला की घरोघरी एकच गडबड. उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. उन्हाळाभर पाण्यासाठी वणवण करणारी आम्ही माणसं हे असं का वागतो, मला कधीच कळलेलं नाही. मी मुऱ्यांसाठी एक पिंप भरून उघडं ठेवायची आणि नळाच्या पाण्यातल्या ब्लिचिंग पावडरचा वास उडून गेला की त्यातलं थोडं थोडं टाकीत घालायची.

एप्रिलात एका दुपारी मी शाळेत असताना नळ आला. घरी आले तर आप्पा दारातच उभे. धोतर ओलं, चेहरा मात्र खुललेला. आई गेल्यापासून असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"ये, बघ. सगळं पाणी बदललं. पिंपातलंबी शिळं झालतं, झाडाला घातलं. शिळं पाणी गुराला सुदिक पाजू न्हाय, ही तर मुकी लेकरं."

हॉलभर ब्लिचिंग पावडरचा वास होता. टाकी लखलखीत. एरवी तळ न सोडणाऱ्या मुऱ्या पाण्याबाहेर तोंडं काढून गरगर फिरत होत्या.

"बघ, कशा खेळायल्यात!"

मी बादली घेऊन शेजारी पळाले, मग त्याच्या पुढच्या घरी. कालचं पाणी कुणाकडंच नव्हतं. सगळ्यांनी आत्ताच ताजं भरलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचा जार आणेपर्यंत मुऱ्या एकेक करून उलट्या झाल्या होत्या.

माझा तोल गेला. "शेवटच्या होत्या त्या, आप्पा! ओढ्यात आता एक उरलेली नाही. पाण्याला हात लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

त्यातलं काहीच खोटं नव्हतं. आप्पा म्हणाले, "म्या त्यास्नी जीव लावला होता गं." मला रडू फुटलं, पण राग काही गेला नाही.

यंदा पाऊस चांगला झाला. वरच्या अंगाला ओढा वाहिला म्हणे. आम्ही बघायला गेलो नाही. टाकी माळ्यावर टाकली. नळ आला की आप्पा आता कॉटवरून उठत नाहीत. तहान लागली की माठापाशी येऊन उभे राहतात आणि मला विचारतात, "घेऊ का?"