पेनड्राइव्हवरचं लिनक्स आणि माझ्या दिराचा घाम

मंडळी, आज मी एका माणसाला मुद्दाम रडकुंडीला आणलं आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

गेल्या वर्षी माझ्या दिराने, भूषणने, मला न विचारता माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. टाकताना अख्खी डिस्क पुसली. तिच्यात माझ्या वारलेल्या आईची गाणी होती, तिच्याच आवाजात. "जुनंच व्हतं ना ते," म्हणाला.

आज तोच सारंगखेड्याला आमच्या घरी आला, स्वतःचा लॅपटॉप घेऊन. "वहिनी, माले बी लिनक्स दखाडा." टाकलं त्याने, पण वर्षभर वापरून शिकले होते मी. तो फोटोग्राफर. लग्नांचे, घोडेबाजाराचे सगळे फोटो त्यातच. मी विचारलं, "कॉपी काढून ठेवलीस?"

"काही व्हत नही, वहिनी."

मी पेनड्राइव्ह लावून त्यावरूनच लिनक्स चालू केलं. 'इन्स्टॉल'ला हात लावला नाही. असं केलं की लॅपटॉपमधलं सगळं जसंच्या तसं राहतं. हे त्याला मात्र सांगितलं नाही.

रिकामा स्क्रीन बघून त्याला घाम फुटला. "वहिनी, मन्हा फोटो कोठे गयात?"

"जुनाच व्हतात ना," म्हटलं आणि चहा ठेवायला गेले.

तो मागोमाग स्वयंपाकघरात आला. "मन्ही चूक व्हयनी, वहिनी. तुमनी मायना आवाज..." त्याने बाहीने डोळे पुसले.

चहा पिऊन झाल्यावर मी लॅपटॉप बंद केला, पेनड्राइव्ह काढला, पुन्हा चालू केला. सगळे फोटो जागेवर. तो हसत घरी गेला.

मी अजून त्याला माफ केलेलं नाही. तुम्ही केलं असतं?