शून्याचं कार्ड

मुलाणीसर कागदावरून चालत, आणि तेही गुडघ्यांवर. सांगलीच्या आमच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत ते चपला दाराबाहेर काढत, छपाईयंत्रातून निघालेला लांबलचक कागद फरशीवर अंथरत आणि लाल पेन्सिल घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत जात. मी नव्याने रुजू झालो होतो. सरांचं काहीतरी हरवलंय असं समजून मीही शेजारी ओणवा झालो.

"काय शोधायचंय, सर?"

त्यांनी मान वर न करता सुस्कारा सोडला. "खरं काय हाय, ते. सापडलं तर सांगा."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. प्रोग्रॅम तेव्हा कार्डांवर भोकं पाडून लिहायचे. एका कार्डावर एक ओळ, आणि कार्डांचा गठ्ठा म्हणजे प्रोग्रॅम. मशीन एकच, आणि त्याच्यासाठी रांग ही एवढी. चुकीच्या गठ्ठ्यांनी मशीनचा वेळ खाऊ नये म्हणून सरांनी एक वेगळा प्रोग्रॅम लिहिला होता. तो दुसऱ्यांचे प्रोग्रॅम न चालवता नुसते वाचायचा आणि शंका आली की इशारा छापायचा. त्याला आम्ही 'तपासनीस' म्हणायचो. त्याचा स्वभाव नवऱ्यामुलाच्या मामासारखा होता. कधी कशावरून दुखावेल, नेम नसे.

हिशेबातल्या प्रत्येक आकड्याला प्रोग्रॅममध्ये एक नाव असे. तपासनिसाचं सगळ्यात लाडकं गाऱ्हाणं एकच: 'या नावाला किंमतच दिलेली नाही.' मोठ्या प्रोग्रॅमचे दोन-तीन गठ्ठे असत, आणि किंमत दिलेली असायची ती आधीच्या गठ्ठ्यात. तपासनीस एका वेळी एकच गठ्ठा वाचायचा, त्यामुळे आधीच्या गठ्ठ्यात काय झालं, याचा त्याला पत्ता नसे. हे खोटे इशारे बंद करण्यासाठी सर दिवसच्या दिवस झिजत होते. एक दुरुस्ती केली की तपासनीस दुसऱ्याच कशावर तरी रुसायचा. सरांचे डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची. जेवणाच्या सुट्टीत भाकरीचा तुकडा हातात धरून ते बसल्या बसल्या पेंगायचे.

"सर, ते ओरडणंच बंद करून टाका की!" मी एकदा म्हणालो.

"गड्या, आमच्या कवठे महांकाळला पाव्हण्यावर कुत्रं भुकलं, तर कुत्र्याचं तोंड बांधत न्हाईत. पाव्हण्याचा हात हुंगायला देत्यात. येळ लागतोय. पण मग ते त्या पाव्हण्यावर पुन्ना भुकत न्हाई."

इतका वेळ कुणाकडे होता? आमच्या विभागाने आपला उपाय शोधला होता. ज्या नावावरून तपासनीस रुसेल, त्याची किंमत शून्य आहे, असं सांगणारं एक कार्ड गठ्ठ्यात सगळ्यात वर सारायचं. झाली ना किंमत? तपासनीस गप्प! मग प्रोग्रॅम खरोखर चालवण्यापूर्वी ते कार्ड आठवणीने काढून घ्यायचं. अशी तयार कार्डं प्रत्येकाच्या खणात असत आणि तंबाखूच्या चिमटीसारखी या हातातून त्या हातात फिरत. सरांना मात्र कुणी काही बोललं नव्हतं.

त्या वर्षी साताऱ्याच्या एका कार्यालयाने माण तालुक्यातल्या एका तलावाचा हिशेब आमच्याकडे दिला. दोन ओढे तलावात येणार होते. पहिल्या गठ्ठ्याने दोन्ही ओढ्यांचा पूर काढायचा आणि दुसऱ्याने त्यावरून तलावातलं जादा पाणी सोडणारा सांडवा किती रुंद हवा, ते सांगायचं. बांधाच्या खाली एक वाडी होती. सांडवा अपुरा पडला, तर पाणी बांधावरून थेट तिच्यावर.

काम जाधवकडे होतं. तपासनिसाने एकही इशारा दिला नाही आणि सांडवाही छान आटोपशीर, स्वस्तातला निघाला. आकडे साताऱ्याला गेले. प्राचार्यांनी कंदी पेढे मागवले.

सरांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून उभे राहिले. "जाधव, दुसऱ्या गठ्ठ्यावर एक बी इशारा न्हाई?"

"एकही नाही, सर!"

"आरं, पण मी ती दुरुस्ती अजून केलीच न्हाई. खोटा का हुईना, इशारा यायलाच पायजे हुता."

त्यांनी गठ्ठा उचलला. सगळ्यात वर जाधवचं शून्याचं कार्ड तसंच होतं. पहिल्या ओढ्याचं त्याने काढलं होतं, दुसऱ्याचं काढायचं राहून गेलं होतं. म्हणजे दुसऱ्या ओढ्याचा सगळा पूर दुसऱ्या गठ्ठ्यात आला आणि दारातच पुसला गेला. सांडवा एकाच ओढ्याच्या मापाचा निघाला होता. जाधवचा चेहरा पिठासारखा झाला. त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती.

सर सरळ प्राचार्यांकडे गेले. आम्ही दाराशी कान लावून.

"आवं सर, आकडा चुकलाय. साताऱ्याला मी सोता जातो."

"चूक कुणाची?"

"माज्या तपासनिसाची. त्यानं उगंच छळलं, म्हणून त्याचं तोंड बंद करायची पाळी आली."

"मग कायमचंच बंद करा ते!" प्राचार्य कडाडले. सर "बरं" म्हणाले. त्यांचा तपासनीस तिथेच संपला.

साताऱ्याला मीही बरोबर गेलो. तिथले साहेब भलतेच तापले. "मुलाणी, तुमचं मशीन दर आठवड्याला नवं बोलतं का हो?"

"मशीन न्हाई, सायेब. आमीच बोललो." नवा आकडा त्यांच्या पुढ्यात ठेवून, तो त्यांच्या हाताने नकाशावर चढेपर्यंत सर खुर्चीतून हलले नाहीत.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीला डोकं टेकून बसले. मला राहवेना. "जाधवचं नाव का नाही घेतलंत? तुमचा तपासनीस तरी वाचला असता."

"वाचला असता की. आणि उद्यापासनं कुणी कुठं कार्ड घातलंय, ते मला कोण सांगणार हुतं?" एवढं बोलून ते झोपले ते सांगली येईपर्यंत.

आज सर नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते. त्यांच्या टेबलापाशी जाधव होता. त्याच्या मागे आमच्याच विभागातल्या जोशीबाई छातीशी गठ्ठा धरून उभ्या. "सर, माझंही एक आत राहिलंय वाटतं. पुलाच्या हिशेबात." त्यांच्या मागे आणखी दोघं, माना खाली घालून. तपासनीस बंद पडला होता, आणि त्या दिवशी आलेला एकूणएक इशारा खरा होता.

सरांनी ती रांग पाहिली, तोंडावरून हात फिरवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"या. एकेक या," ते म्हणाले. "आन् कुणीतरी च्या सांगा रं, लय येळ लागंल."