चूल नसलेला पाहुणा

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की माझं मन जागेवर राहत नसे. आमचे साहेब म्हणायचे, "बाई, तुम्ही काचेवर पेशी बघता की सिनेमा?" त्यांचं फारसं खोटं नव्हतं. भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली मी, बी.एस्सी. करून नोकरी मिळाली ती थेट गडचिरोलीच्या जंगलात, कोशाच्या बीज केंद्रात. जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्या नव्या, रस्ते जुनेच. केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक पडवी आणि समोर ऐनाची झाडं. वीज नावापुरती होती. खिडकीतला उजेड आरशात धरायचा आणि खालून काचेवर पाठवायचा. ढग आला की पेशी विझत, गेला की पुन्हा उजळत, आणि मी मान मोडेस्तोवर तशीच बसून राही.

ऐनाच्या पाल्यावर रेशमाचे किडे वाढतात. ते कोसा, म्हणजे रेशमाचा कोश, विणतात, आणि जूनमध्ये कोशातून तळहाताएवढं पाखरू निघतं. मादी अंडी घालते आणि मरायला टेकते. माझं काम तिथून सुरू होई. त्या आईला खलात कुटायचं, पोटॅशच्या पाण्याचा थेंब घालायचा आणि त्यातलं टिपूसभर काचेवर घ्यायचं. पेब्रिन नावाच्या रोगाचे कण दिसले, तर तिची सगळी अंडी, म्हणजे सगळं बीज, जाळायचं. हा रोग आईच्या पोटातूनच अंड्यात उतरतो. वरून अंडं कितीही गोमटं दिसो.

काम निर्दय खरं, पण त्या थेंबात मी हरवून जाई. पंखांचे खवले सोनेरी कोंड्यासारखे तरंगत. चरबीचे गोळे एकमेकांना ढकलत हळूहळू जात. मधूनच एखादी न फुटलेली पेशी दिसे: भोवती पातळ पडदा, आत दाटसर पेशीद्रव्य, मध्ये केंद्रक. कॉलेजात हीच आकृती काढताना मला जांभया येत. इथे ती समोर तरंगत यायची आणि वाटायचं, हिनं काल रात्री पंख हलवले होते. तंतुकणिका आमच्या भिंगात धड दिसत नसत, पण त्या आहेत हे ठाऊक होतं. त्या पेशीच्या चुली. अन्न जाळतात आणि घर चालवतात.

एका सकाळी साठीतला एक म्हातारा पडवीत येऊन बसला. दाढी वाढलेली, डोक्यावर पळसाच्या द्रोणांनी भरलेली टोपली. प्रत्येक द्रोणात एक पाखरू आणि त्याची अंडी. वैनगंगेकाठच्या गावातली ही मासे धरणारी माणसं, पण कोशाच्या दिवसांत माशाला शिवत नाहीत. दाढी करत नाहीत, बाजेवर निजत नाहीत, आणि बाईमाणसाला किड्यांच्या वाऱ्यालाही उभं करत नाहीत.

"सायब नाई का जी?"

"दौऱ्यावर गेलेत. पुढच्या आठवड्यात येतील."

"तवर त अंडे फुटून जातीन."

"मी बघते ना, भाऊ."

"तुमी?" त्यानं टोपली जवळ ओढली. "बाईमानसाचा हात बीजाले चालत नाई जी आमच्यात."

मला राग आला. मग तो आपण होऊन सांगू लागला आणि रागाला निराळंच वळण लागलं. मागच्या साली त्याचा पोरगा ऐनाच्या राईत किडे राखत होता आणि तापानं फणफणला. सून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. थोड्याच दिवसांत किड्यांच्या अंगावर मिऱ्यासारखे काळे डाग उठले, ते वाढेनासे झाले आणि बहुतेक वाळून गळाले.

"मंग तिले माहेरी धाडलं. पोरगी चांगली हाये, बाई. पर देव कोपला त कोन काय करन? यंदा घरी बाईमानूसच नाई. माही म्हातारी त कवाच गेली. बीज चांगलं निघालं त समजा, दोष तिचाच होता. पोरासाठी दुसरी पाहीन."

"आणि रोग निघाला तर?"

"असं अभद्र बोलू नका जी."

शेवटी त्यानंच वाट काढली. अंडी त्याच्याजवळ पडवीत राहतील. अंडी घालून झालेली आई मात्र एकेक करून तो माझ्याकडे देईल. तिचं देणंघेणं संपलं, तिला बाईचा हात लागला तरी चालेल. मला हसू आलं, पण मी मान हलवली.

तो तळहातावर पाखरू घेऊन दारापर्यंत येई, उंबऱ्यावर ठेवी आणि मागे सरके. मी उचलून खलात घेई. पहिला थेंब स्वच्छ निघाला. दुसराही. तिसऱ्याला मी मुद्दाम जास्त वेळ बघितलं. तोही स्वच्छ. "चांगलं हाये," मी सांगितलं की म्हाताऱ्याचा चेहरा उजळे, आणि मी मान खाली घालून खल धुवायला घेई.

स्वच्छ काच दिसावी म्हणून मला पगार मिळत होता. पण काच स्वच्छ राहिली तर कुठल्याशा गावात एक पोरगी कायमची माहेरी बसणार होती. रोग निघाला तर ह्या म्हाताऱ्याचं वर्ष राखेत जाणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर. आमच्या घरात देवाला मागायची सवय नाही, तरी त्या दिवशी मी कुणाजवळ तरी मागत होते. काय मागत होते ते मलाच धड कळत नव्हतं. खिडकीतला उजेड मऊ झाला होता, खवले तरंगत होते, आणि त्यांच्यात मला सारखी एक बाई दिसत होती, हातात तांब्या घेऊन झाडांतून धावणारी.

पुढच्या थेंबात ते कण दिसले. लांबट, गोल टोकांचे, सगळे एकसारखे, आणि आतून कुणी दिवा लावल्यासारखे चमकणारे. मी बारीक स्क्रू फिरवला, काच बदलली, पुन्हा बघितलं. तेच. त्याच्या पुढच्या पाखरातही तेच. त्यानंतर स्वच्छ असं क्वचितच निघालं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

"भाऊ, आत या. तुम्हीच बघा."

तो बिचकत आला. बराच वेळ त्याला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग त्याची नजर बसली. "तांदूळच जी," म्हणाला. "चमकून राह्यले."

पडवीतल्या फरशीवर मी खडूनं मोठी पेशी काढली. हा पडदा, हे केंद्रक, ह्या चुली. "हे तांदूळ म्हणजे चोरून शिरलेला पाहुणा, भाऊ. त्याच्याकडे स्वतःची चूल नाही. तो पेशीत बसतो आणि तिच्याच चुलीवरचं खातो. खाऊन खाऊन एकाचे शंभर होतात."

"पर अंड्यात कसा जाते?"

"आईच्या पोटात अंडं तयार होतं, तेव्हा ती आपल्या पेशीतलं सगळं त्यात ओतते. द्रव्य, चुली, शिधा. त्याच्याबरोबर हाही जातो."

"आन् बाप काय देते?"

"जवळजवळ नुसतं केंद्रक."

म्हातारा त्याही वेळी हसला. "म्हंजे बापाचं नाव, बाकी संसार आईचा."

हसू ओसरलं आणि तो खडूच्या रेघांकडे बघत उकिडवा बसून राहिला. मग विचारलं, "हा पाहुना कवा आला?"

"हे बीज मागच्या साली वाचलेल्या किड्यांचं ना? मग तेव्हाही होता. अंड्यातूनच आलेला. तुमची सून राईत गेली त्याच्या आधीपासून."

"यंदा त कोन्या बाईची सावलीबी नाई पडली."

"नाही पडली. तुम्ही स्वतः राखलंत."

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, हे मी तोंडावर आणलं नाही. त्याला ते कळलं होतं. रोगाची अंडी त्यानं स्वतःच्या हातानं पाचोळ्यावर ओतली आणि काडी लावली. अंडी तडतडत जळत होती तोवर तो हात जोडून उभा होता. चांगली निघालेली थोडी अंडी त्यानं धोतराच्या फडक्यात बांधली आणि छातीशी धरली. त्याच्या गावची मोटार यायला वेळ होता. पण उलट्या दिशेची आली तेव्हा तो तिलाच हात करून चढला.

"भाऊ, ही तुमची नाही!" मी ओरडले.

"माहीत हाये जी. तिकडूनच जातो. सुनेले घेतो आन् येतो."

"आणि अंडी?"

"एकाच मोटारीत बसून येऊ." मोटार धूर सोडत निघून गेली. मला त्या दिवशी जेवणसुद्धा गोड लागलं.

दिवाळीनंतर तो कोसे विकायला केंद्रात आला तेव्हा सून बरोबर होती. तो साहेबांशी मापाच्या गोष्टी करत होता. ती माझ्या दाराशी उभी राहिली. माझ्याच वयाची, सावळी, कपाळावर मोठं कुंकू. मी हसून आत बोलावलं. ती आली नाही. आतल्या सूक्ष्मदर्शकाकडे बघत राहिली.

"त्यातच निघाले होते ना दाने?"

"हो. म्हणून तर भाऊ तुला घ्यायला आले."

"होय जी. सासरा सांगते साऱ्यांइले." तिची नजर सूक्ष्मदर्शकावरून माझ्याकडे वळली. "नसते निघाले, तरी मी हीच होती ना जी?"

"हो," मी म्हणाले. डोळे भरले ते तिला दिसू नयेत म्हणून मी उगीच भिंग पुसायला घेतलं. ती दाराशी तशीच उभी होती, मी आणखी काही बोलते का ते बघत.