तेलांना कपडे घालणारे हातिमचाचा

दुकानातले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही. लुगड्याला लागलेला वाळ्याचा वास दहा धुण्यांनी जात नाही, तसे तेही गेले नाहीत. परवा भाचीने कुठून तरी सुगंधी तेलाच्या इवल्या इवल्या बाटल्या आणल्या आणि म्हणाली, "मावशी, नॅचरल आहे गं, याने काही होत नाही!" झालं! एकेक किस्सा बाहेर पडायला लागला.

साठ-सत्तरच्या दशकांत मी सुरतेला चौटा बाजारामागच्या एका गल्लीत सुगंधी तेलांच्या दुकानात नोकरीला होते. मिस्टर बँकेत, धुळ्याहून बदलून आलेले. माझ्याकडे बी.एस्सी.ची डिग्री होती आणि अक्षर चांगलं होतं. शेठना डिग्री नको होती, अक्षर हवं होतं. बाटल्यांची लेबलं लिहायला! दुकानात आणखी दोघंच. वास घेऊन माल पास करणारे हातिमचाचा, पांढरी टोपी, पांढरी दाढी, अस्सल सुरती. आणि बाटल्या भरणारी यमुना, खानदेशातली. तिचा नवरा लूमवर कामाला.

०

पहिल्याच दिवशी मी दालचिनीच्या तेलाची बाटली उघडली. काय वास! अत्तर लावतात तसा एक थेंब मनगटावर चोळला. मिनिटभरात नुसती आग आग! मी नळाकडे पळाले, तर चाचा ओरडले, "पानी नहीं! पानी नहीं!" हात धरून त्यांनी खोबरेल ओतलं, फडक्याने पुसलं, परत ओतलं, परत पुसलं.

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "पण चाचा, अत्तर तर सगळेच लावतात!"

"दीकरी, आ अत्तर नथी. अत्तर चंदनाच्या तेलात राहून शहाणं होऊन येतं. आ तो नागुं छे!" त्यांनी बाटलीला बूच लावलं. "नागड्याला चारचौघांत आणायचं नाही. आधी कपडे घालायचे. चमचाभर खोबरेल, त्यात एखादा थेंब. बस!"

तेव्हापासून आमच्याकडे तेल पातळ करण्याला "कपडे घालणं" असंच म्हणत. गिऱ्हाईक आलं की यमुना आतून ओरडायची, "ताई, कपडा घालेल देऊ का नागडं?"

नवीन गिऱ्हाईक दचकून पायरी उतरायचं!

०

आमच्या शेजारी कुलकर्णी मास्तर राहायचे. दाढ दुखते म्हणून लवंगेचं तेल घेऊन गेले. मी बजावून सांगितलं, "काडीला कापूस गुंडाळा, एक थेंब, तोही फक्त दाढेवर."

दुसऱ्या दिवशी मास्तर तोंडाला रुमाल लावून हजर. हिरडी, गाल, जीभ, सगळं पांढरं पडलेलं.

"किती लावलंत, मास्तर?"

मास्तरांनी पिशवीतून पाटी-पेन्सिल काढली. शाळेतून तशीच आणली असावी. त्यावर लिहिलं, "बाटली लहान होती, म्हणून सगळीच."

०

हा किस्सा हसण्याचा नाही. निदान सुरुवातीला तरी.

यमुनाचं बाळ पाच महिन्यांचं होतं. त्याला सर्दी झाली, नाक चोंदलं. तिच्या सासूने मायेपोटी निलगिरीचं तेल बाळाच्या नाकाखाली चोळलं. तेल दुकानातलंच, यमुनानेच घरी नेलेलं.

सकाळी यमुना पळत दुकानात आली. पायात चप्पल नाही, कडेवर बाळ. बाळाला श्वास घेता येईना. "चाचा, मना पोरले काय व्हयनं देखा वो!"

चाचा तसेच उठले. बाळाचं नाक कोरड्या फडक्याने पुसलं, समोरचा टांगा थांबवला आणि दोघांना घेऊन इस्पितळात गेले. मी मागून पोचले, तर यमुना वॉर्डाच्या दाराशी बसलेली आणि चाचा तिच्याशेजारी फरशीवर, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. ते मला म्हणाले, "दीकरी, चाळीस वर्षं विकतो आहे. हे बाटलीवर कोणी लिहिलं कसं नाही?"

तिसऱ्या दिवशी बाळ हसायला लागलं. त्याच दिवशी मी लेबलं लिहायला बसले, "लहान मुलांना लावू नये. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये." यमुना बघत उभी होती.

"ताई, मले वाचता येस का?"

चाचांनी ऐकलं. संध्याकाळी लाल दोऱ्याचं रीळ घेऊन आले. मुलांना चालत नाही अशा तेलाच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात लाल दोरा. तो बांधायचं काम यमुनाने मागून घेतलं. गाठ अशी पक्की मारायची की कात्रीशिवाय सुटू नये!

आता गंमत. गिऱ्हाइकांना वाटलं, तेल मंत्रून आणलंय. लाल दोऱ्याच्या बाटल्या धडाधड खपायला लागल्या. शेठ खूश! म्हणाले, "चाचा, सगळ्या बाटल्यांना बांधून टाका."

चाचा म्हणाले, "शेठ, त्यापेक्षा तुमच्या गळ्यात बांधतो. लहान मुलांपासून दूर राहाल!"

०

शेठच्या मुलाचं लग्न मे महिन्यात. गोरं दिसायचं म्हणून शेठनी सकाळी मानेला, गळ्याला लिंबाच्या सालीचं तेल चोळलं. चाचांनी हात जोडले, "शेठ, हे तेल लावून उन्हात जाऊ नका."

"अरे चाचा, लिंबूच आहे ना!"

वरात दोन तास भर उन्हात नाचत राहिली, सगळ्यांच्या पुढे शेठ. संध्याकाळी मान लालभडक, आठवड्याने गळ्याभोवती काळपट पट्टा. तो पुढे कित्येक महिने गेला नाही.

यमुना म्हणाली, "वरमाला पोऱ्याले घाली, आनि डाग बापले पडना!"

०

वर्षातून एकदा खानदेशातून रोशा गवताच्या तेलाचे डबे यायचे. गुलाबासारखा वास, पण त्याच्या मागे वाळलेल्या कुरणाचा. एकदा झाकण यमुनाने उघडलं आणि ती मटकन खालीच बसली. मला वाटलं, चक्कर आली.

"माय वो," ती म्हणाली, "मना बापना वास येस!"

तिचा बाप नाल्याकाठच्या भट्टीवर रोशाचं तेल काढायचा. तो गेला तेव्हा यमुना सुरतेत होती. निरोप उशिरा मिळाला, तोंड बघायला मिळालं नव्हतं.

ती डब्याशी बसून राहिली. डब्याचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तर घर डोक्यावर घेणारे शेठ गादीवरून बघत होते. मी घाबरून म्हटलं, "शेठ, तेल उडतंय..."

शेठ म्हणाले, "उडवा दो, बेन. उडू दे."

०

चाचींना दमा होता. कुठलाही सुगंध नाकात गेला की त्यांना धाप लागायची. आणि नवरा सुगंधाच्या धंद्यात! म्हणून रोज सहा वाजता चाचा मागच्या मोरीत बसून बेसनाने हात कोपरापर्यंत घासायचे, दाढी धुवायचे. यमुना पाणी घालायची. दुकानातला झब्बा खुंटीला, घरचा झब्बा अंगात, मग घरी. हा नेम माझ्या आधीपासूनचा, लग्न झाल्यापासूनचा.

"चाचींना तुमचं काम तरी माहीत आहे का?" मी एकदा विचारलं.

चाचा हसले. "ती म्हणते, तुम्ही पोस्टात आहात असंच वाटतं!"

एका हिवाळ्यात चाची गेल्या. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर चाचा कामावर आले. दिवसभर गुलाब, वाळा, मोगरा हाताळला. सहा वाजले तसे उठले, मोरीत गेले, बेसनाचा डबा उघडला. यमुनाने माझ्याकडे पाहिलं. मला बघवेना.

"चाचा, आता राहू द्या ना. आता कोणासाठी?"

चाचांनी हाताकडे पाहिलं. "साची वात, खरं आहे," म्हणाले. डबा बंद केला आणि दुकानातल्याच झब्ब्यात घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उशिरा आले, डोकं धरून, शिंकत.

"काय झालं, चाचा?"

"कंई नहीं, दीकरी. काल तसाच आत गेलो. बघतो तर घरभर वास! मग सगळ्या खिडक्या उघडल्या आणि वास जाईपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहिलो."

संध्याकाळी सहा वाजता यमुनाने तांब्या भरला. बेसनाचा डबा मी उघडून धरला.