पुस्तकातली फारसी

माझं बूड एका जागी टेकत नाही, असं आई लहानपणापासून म्हणायची. वसई सोडून बहारीनच्या इस्पितळात नर्स झाले तरी ती खोड गेली नाही. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास माझ्याकडच्या एका खोलीत पक्षाघात झालेला म्हातारा आला. इराणी वंशाचा, घरी फारसी बोलणारा, जन्म मात्र बहारीनचाच. तंदूरवर रोट्या लावणारा. वाचा स्पष्ट झाली की घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्याकडून शब्द म्हणवून घ्यायचं काम मी मागूनच घेतलं, कारण पुस्तकावरून फारसी शिकत होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली.

त्याचा हात धरून मी म्हणायचे, "दस्त." तो म्हणायचा, "दस." 'किती'साठी मी "चंद" म्हटलं, की तो "चन". शेवटचं अक्षर दर वेळी गळालेलं. मी पुन्हा म्हणायला लावायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे, घड्याळ बघायचे आणि केसपेपरवर लिहायचे: सुधारणा नाही.

"घर कब, सिस्टर?" तो तिथल्या बाजारात चालणाऱ्या हिंदीत विचारायचा.

"पहले बराबर बोलो, बाबा."

दुसऱ्या आठवड्यात तो भिंतीकडे तोंड करून निजू लागला. बोलेना. मला त्याचाच राग यायचा.

शुक्रवारी त्याची बायको सुनांना घेऊन आली. तिनं त्याचा हात चोळता चोळता सुनेला काहीतरी सांगितलं, त्यात "दस" आलं. मग सूनही म्हणाली, "दस". मी मध्येच विचारलं, "दस्त ना?"

म्हातारी हसली. "वो किताब में, सिस्टर. बोलता कौन है?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वसईच्या शाळेत बाईंनी आमची घरची बोली छडी मारमारून सुधारली होती. बोटं चोळत घरी येऊन मी रडायचे. आता तीच बाई मी झाले होते.

धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. चूक माझी, याची जीभ केव्हाच सुटलीय, असं सांगून टाकलं. डॉक्टरांनी त्याला दोनतीनदा बोलायला सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"असा कसा सोडू?" डॉक्टर म्हणाले.

म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम बाहर ठहरो, बेटी."

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. लगेच आतून त्याचा आवाज आला, भरभर, कुठेही न अडखळता.